कुठेतरी पाणी मुरते आहे

माणसाला उतारवयात फार तहान लागू लागली की डॉक्टर रक्तातली साखर तपासायला सांगतात. मोटारीला उतारवयात तहान लागली तर काय तपासावे, हे मला बरेच दिवस कोणी धड सांगितले नव्हते. आमची मोटार तिशी उलटलेली. लांबट उभे इंजिन, इंजिनाच्या नाकावर पट्ट्याने फिरणारा पंखा आणि त्याच्यापुढे रेडिएटर, अशी जुन्या घडणीची. सपाटीवर ती सतीसावित्री. चिपळूणहून गुहागरला जाऊन या, पाणी होते तेथेच. पण घाट दिसला की तिच्या घशाला कोरड पडायची. घाटमाथा गाठेपर्यंत अर्धा-पाऊण लिटर पाणी कुठे जाई, ते तिचे तिला ठाऊक. खाली ओघळ नाही, थारोळे नाही, आणि बाटलीतला हिरवा कूलंट मात्र तळाला गेलेला.

वर्षभरात मी तिला तीन ठिकाणी दाखवली. पहिल्याने रेडिएटर उतरवून डाग दिला. दुसऱ्याने सगळे रबरी होज पाइप, त्यांच्या क्लिपा आणि रेडिएटरचे झाकण बदलले. तिसरा खरा अनुभवी वाटला, कारण त्याने काहीच बदलले नाही. इंजिनाच्या मागच्या अंगाला, गिअरबॉक्सच्या जरा वर, पांढरट-हिरवा डाग होता, त्यावर त्याने बॅटरीचा झोत टाकला, सुस्कारा सोडला आणि म्हणाला, “हेड गॅस्केट. इंजिन खोलावं लागेल. पण या गाडीवर आता किती खर्च करायचा, ते तुम्ही ठरवा.” डॉक्टर असे बोलू लागला की नातेवाइकांनी काय ते समजावे.

इंजिन खोलायला मी पावसाळ्यानंतरचा मुहूर्त ठरवला होता. पण मध्येच मामा आले.

मामांचे गाव कोयनेच्या खोऱ्यात होते. ‘होते’ म्हणायचे, कारण धरण झाले आणि ते शिवसागराच्या पाण्याखाली गेले. त्या खोऱ्यातली माणसे कुठे कुठे पांगली. मामांच्या वडिलांनी बैल विकले, देव्हारा डोक्यावर घेतला आणि घाट उतरून ते चिपळूणच्या अंगाला सोयऱ्यांकडे आले. मामा तेव्हा बारा वर्षांचे होते, आज अठ्ठ्याहत्तरचे आहेत. एवढ्या वर्षांत ते परत कधी तिकडे गेले नव्हते. यंदा मे महिन्यात बामणोलीकडचा कोणी पाहुणा त्यांना भेटला आणि म्हणाला की तळ्याचे पाणी बरेच उतरले आहे, तुमच्या देवळाचा चौथरा उघडा पडला आहे, मचव्यातून जाता येते. झाले. मामा सकाळी सहालाच आमच्या दारात हजर, हातात पिशवी, पिशवीत नारळ.

“पाऊस लागला की चौथरा पुन्हा पाण्यात,” ते म्हणाले. “आणि पुढच्या वर्षी चौथरा वर आला, तरी मी वर असेन का?”

यष्टीने जाऊ म्हणावे तर तीन गाड्या बदलायच्या आणि मामांचे गुडघे कामातून गेलेले. सौ.ने डबा भरायला घेतला, मी मागच्या बाजूला पाच-पाच लिटरचे पाण्याचे दोन डबे ठेवले, आणि आम्ही निघालो.

बहादूरशेख नाक्यावरून कऱ्हाडचा रस्ता फुटतो. मे महिन्यात कोकणातल्या नद्या म्हणजे नुसत्या दगडांच्या राशी, पण चिपळूणची वाशिष्ठी त्याला अपवाद आहे. तिला पाणी असते, आणि ते पाणी तिचे नसते. ते कोयनेचे. कोयना महाबळेश्वरला उगम पावते, सह्याद्रीला समांतर थेट दक्षिणेकडे धावते आणि हेळवाकपाशी एकाएकी पूर्वेला वळून कऱ्हाडला कृष्णेच्या गळ्यात पडते. हा तिचा आईबापांनी ठरवलेला संसार. माणसाने मध्ये धरण घातले, डोंगराच्या पोटातून बोगदे काढले आणि तिचे पुष्कळसे पाणी पश्चिमेला वळवले. सुमारे पावणेपाचशे मीटर खोल उडी घेऊन ते पोफळीच्या भूमिगत वीजघरात जनित्रे फिरवते, पुढे कोळकेवाडीला पुन्हा एकदा कामाला जुंपले जाते, आणि मग वाशिष्ठीतून दाभोळला अरबी समुद्रात जाते. वर्षाला साडेसदुसष्ट अब्ज घनफूट एवढेच पाणी पश्चिमेला नेता येईल, अशी मर्यादा कृष्णा पाणीतंटा लवादाने घातली आहे. सगळे टप्पे मिळून प्रकल्पाची वीज १,९६० मेगावॅट. बंगालच्या उपसागराकडे निघालेली नदी अशी दाभोळला पोचते.

मामा वाशिष्ठीकडे पाहत म्हणाले, “हे आमच्या गावावरून आलेलं पाणी.” पुढे पिंपळी, शिरगाव येईपर्यंत ते काही बोलले नाहीत.

शिरगाव-पोफळी मागे पडले की कुंभार्लीचा घाट सुरू होतो. आंबेनळीसारखा तो उरात धडकी भरवत नाही, पण चढ इमानदार आहे. एका वळणावर बायका-पोरे पानांच्या द्रोणांत करवंदे घेऊन बसली होती. मामांनी दोन द्रोण घेतले. तेथवर काटा मध्यावर होता. आणखी चार वळणे झाली आणि काट्याने मान वर केली. मी तिसऱ्यातून दुसऱ्यात आलो. पुढे आंब्याच्या पेट्यांनी लादलेला ट्रक कण्हत चालला होता, त्याला ओलांडण्याची सोय नव्हती. काटा तांबड्यात गेला, बॉनेटच्या फटीतून वाफ आली आणि एक गोडसर वास गाडीत शिरला. कूलंटचा वास काकवीच्या जवळचा असतो. एकदा नाकात बसला की विसरत नाही.

गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडले आणि मी फडके घेऊन रेडिएटरच्या झाकणाला हात घालणार, तोच मागून आरोळी आली, “ओ साहेब! हात काढा तिथनं!”

मागून आलेल्या दुसऱ्या एका ट्रकचा ड्रायव्हर होता. कऱ्हाडकडचा, उंच, गळ्यात मफलर, तोही मे महिन्यात. त्याने मला अक्षरशः बाजूला सारले.

“आत काय हाय, ठावं हाय का? नुसतं उकळतं पानी न्हाई, दाबलेलं पानी हाय. झाकान उघाडलं की तोंडावर येतंय.”

त्याचे म्हणणे शास्त्राला धरून होते. उघड्या भांड्यात पाणी शंभर अंशांवर उकळते, आणि डोंगरावर त्याच्याही आधी. म्हणून रेडिएटरच्या झाकणात स्प्रिंग असते. ती आतला दाब तेरा-चौदा पौंडांपर्यंत अडवून धरते, त्यामुळे आतले पाणी शंभराच्या पुढे पंधरा-वीस अंश चढले तरी उकळत नाही. झाकण उघडले की दाब जातो, आणि तापून बसलेले सगळे पाणी एका क्षणात उसळते. प्रेशर कुकरची शिटी वाजत असताना झाकण ओढावे, तसाच हा उद्योग.

अर्धा तास आम्ही कातळाच्या सावलीत बसलो. मामांनी ड्रायव्हरला करवंदे दिली. मग त्याने ओले पोते झाकणावर टाकले, झाकण पहिल्या खाचेपर्यंत फिरवले, फुस्स करून वाफ जाऊ दिली आणि मग काढले. इंजिन चालू करायला लावून बारीक धारेने पाणी ओतले. “तापल्या इंजिनात भडाभडा थंड पानी वतू नका, हेड तडकंल,” हेही सांगितले. झाकण परत लावताना मात्र त्याने ते पहिल्या खाचेवरच ठेवले.

“आता दाब धरनार न्हाई. दाब न्हाई तर गळती कमी. पन उकळंल लवकर, म्हून दमानं जावा. माथ्यावरनं हेळवाकपतूर उतार हाय. गाडी गिअरातच ठेवा, इंजिन बंद करायचं न्हाई. हेळवाकला फाट्याच्या अल्याड चिंचंखाली एक म्हातारा मेस्त्री बसतोय, त्येला दावा.”

पैसे त्याने घेतले नाहीत. राहिलेली करवंदे घेतली.

चिंच सापडली. तिच्याखाली चार पत्र्यांची शेड, दोन मोडक्या जिपा, एक ट्रॅक्टर आणि बाजेवर मेस्त्री. साठीच्या पुढचे, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. मी बॉनेट उघडायला गेलो तर म्हणाले, “ऱ्हाऊ द्या. आधी बसा. गाडी गार हूं द्या, तवर मला सांगा.”

आणि त्यांनी नाडीपरीक्षा सुरू केली. पाणी उभ्या गाडीतून जाते का चालत्या? सपाटीला का चढाला? रात्री गाडीखाली कधी पुठ्ठा पसरून ठेवला होता काय? सकाळी तो ओला होता का कोरडा? एसीचे पाणी वेगळे, त्याला रंग नसतो आणि वास नसतो, बोटाला चिकटत नाही. ते पाहून घाबरला नाहीत ना? आत पायाखालची चटई ओली होते काय? काचेवर आतून धुके येते काय? कोणी काय काय बदलले? मी तिघांचीही हकिगत सांगितली. पुठ्ठा मी कधीच टाकला नव्हता. तिघांपैकी एकानेही मला यातला एक प्रश्न विचारला नव्हता.

हेड गॅस्केटचे नाव ऐकल्यावर मेस्त्री उठले. “त्ये आधी बगू. म्हंजे तुमचं काळीज जाग्यावर येईल.”

हेड गॅस्केट म्हणजे इंजिनाचे धड आणि डोके यांच्यामधली पातळ जाळी. ती एका अंगाला स्फोटाची आग अडवते, दुसऱ्या अंगाला पाणी आणि तिसऱ्या अंगाला तेल. ती फुटली की हे तिघे एकमेकांच्या घरात शिरतात. मेस्त्रींनी तेलाची पट्टी काढून बोटावर पुसली. तेल काळे होते, पण तेलच होते. त्यात पाणी गेले असते तर ताकासारखे पांढुरके झाले असते. मग चारही स्पार्क प्लग काढून फडक्यावर ओळीने मांडले. ज्या सिलिंडरात पाणी शिरते, त्याचा प्लग वाफेने धुऊन निघाल्यासारखा लख्ख दिसतो. आमचे चारही सारखेच तपकिरी, एका आईची लेकरे. प्लग परत बसवून, थंड रेडिएटरचे झाकण काढून त्यांनी इंजिन चालू करायला लावले आणि पाण्यात पाहत राहिले. गॅस्केटमधून हवा येत असती तर बुडबुडे सुटले असते. एक नाही. शेवटी मागे जाऊन सायलेन्सरसमोर हात धरला, तो हुंगला आणि म्हणाले, “डोकं शाबूत हाय.”

मला वाटते, आयुष्यात इतक्या आनंदाने मी कोणाला चहा पाजला नसेल.

“मग तो डाग?” मी इंजिनाच्या मागच्या पांढऱ्या-हिरव्या डागाकडे बोट केले.

त्यांनी नखाने डाग खरवडला. “ह्यो सुकल्याला डाग. पानी हितवर आलं हे खरं. हितनं निगालं, हे कुनी सांगितलं?”

मामा इतका वेळ बाजेवर बसून ऐकत होते. ते म्हणाले, “दाभोळला पाणी दिसलं म्हणून नदी दाभोळची होत नाही.”

मेस्त्रींनी मामांकडे नीट पाहिले. “बाबा, तुमी ह्या खोऱ्यातलं दिसता.” गाव विचारले. मामांनी नाव सांगितले. मेस्त्री “व्हय” एवढेच म्हणाले आणि कामाला लागले. पण त्यानंतर त्यांची घाई वाढली हे मला कळले.

दाब तपासायला शहरात यंत्र मिळते. मेस्त्रींचे यंत्र घरचे होते. रेडिएटरच्या एका जुन्या झाकणाला मध्ये भोक पाडून सायकलच्या ट्यूबचा वॉल्व्ह बसवलेला आणि शेजारी दाबाचा काटा. ते झाकण लावून त्यांनी सायकलच्या पंपाने हवा भरली. बारा पौंडांवर थांबले. “झाकनाची जेवडी ताकद, त्येच्या फुडं जायचं न्हाई. न्हाईतर नसलेली गळती आपुनच करून ठिवायची.” आम्ही चौघे त्या काट्याकडे टक लावून बसलो. पाच मिनिटे, दहा मिनिटे, पंधरा मिनिटे. काटा जागचा हलला नाही.

मी हिरमुसलो. मेस्त्री मात्र खूष. “हे झ्याक झालं. रेडिएटर, पाइप, प्लग समदी सुटली. ही उभ्या गाडीची गळती न्हाई. फिरतं तवाच गळतं. आता फिरतंय काय काय, तेवडंच बगायचं.”

तुमच्या ध्यानात आले असेल. मला आले नाही.

त्यांनी फडक्याने इंजिन पुढून मागून कोरडे केले आणि सौ.कडे वळून संकोचाने विचारले, “वैनी, पावडर हाय का? तोंडाला लावायची?”

सौ.ने पर्समधून डबी काढून दिली. मेस्त्रींनी इंजिनाच्या अंगावर, पाइपांच्या सांध्यांवर, पुढे पंख्यामागे, सगळीकडे पावडर भुरभुरली. सकाळी अंगणात सडा घातल्यावर रांगोळीची पूड उधळावी तसे ते काळे धूड पांढरे झाले आणि शेडमध्ये तेल-डिझेलच्या वासात मोगऱ्याचा वास मिसळला. मग गाडीचे झाकण पक्के लावून, इंजिन तापवून त्यांनी मला ते जरा पळवायला लावले. पाच मिनिटांनी इंजिन बंद.

पावडरीवर एक रेघ उमटली होती. करंगळीएवढ्या रुंदीची, ओली, हिरवट. ती मागच्या डागापासून सुरू होऊन इंजिनाच्या कुशीने पुढे पुढे येत होती. खरे म्हणजे उलटे म्हणायला हवे: ती पुढून सुरू झाली होती, पण आम्ही तिच्या शेवटाकडून उगमाकडे चाललो होतो. मेस्त्रींचे बोट तिच्यावरून सरकत सरकत पंख्यामागे जाऊन थांबले. वॉटर पंप. तेथे थेंब निघत होता, पंख्याचा वारा त्याला मागे उडवत होता, गरम लोखंडावरून घसरताना तो निम्मा सुकत होता, आणि उरलेला दोन हात मागे जाऊन गिअरबॉक्सवर डाग पाडत होता. जमिनीवर पडायला शिल्लक काही राहतच नव्हते.

मेस्त्रींनी पंख्याचे पाते चिमटीत धरून पुढेमागे हलवले. पंखा हलला. फिरायचा तसा नव्हे. हिरडी सुटलेला दात हलावा तसा.

“बेअरिंग गेलंय,” ते म्हणाले आणि पंपाच्या पोटाखाली वाकून बोट घातले. बराच वेळ चाचपले. वर आले तेव्हा त्यांचा चेहरा बदललेला होता. “साहेब, हितं एक भोक असतंय. त्ये कुनी बुजिवलं?”

आता येथे मला एक कबुली द्यायची आहे. तीन वर्षांपूर्वी एका सकाळी मला पंपाखाली एक थेंब दिसला होता. वाकून पाहिले तर एका बारीक भोकातून दुसरा थेंब येत होता. हार्डवेअरच्या दुकानात दगडासारखी कडक होणारी लांबी मिळते, तिची गोळी करून मी ते भोक चांगले दाबून बंद केले. थेंब थांबला. त्या शहाणपणाची हकिगत मी दोन-चार ठिकाणी रंगवून सांगितलीही होती. पुढे ती विसरलो. तिन्ही मेस्त्र्यांना सांगितली नाही, आणि या चौथ्यालाही नाही.

“मीच,” मी म्हणालो.

मेस्त्री रागावले नाहीत. रागावले असते तर बरे झाले असते. त्यांनी जमिनीवर खिळ्याने पंप काढून दाखवला. एका बाजूला पाणी, ते ढकलणारे चाक. दुसऱ्या बाजूला बेअरिंग, त्यात वंगण. दोहोंमधून जाणारा एकच दांडा, आणि मध्ये रबर-कार्बनचे सील. सील कधी तरी झिजणार, हे पंप घडवणाऱ्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक असते. म्हणून सील आणि बेअरिंग यांच्यामध्ये तो एक भोक ठेवतो. सीलमधून सुटलेले पाणी बेअरिंगात न जाता त्या वाटेने बाहेर पडावे, आणि मालकाला दिसावे.

“तुमी भोक बुजिवलं, म्हंजे पानी थांबलं न्हाई. आत वळलं. बेअरिंगातलं ग्रीस धुवून नेलं. दांडा सैल झाला. उभा असंल तवा बसून ऱ्हातो, फिराय लागला की डुगडुगतो, आन् पानी फेकतो. आनि बगा,” त्यांनी पंख्यापासून रेडिएटरपर्यंतचे वीतभर अंतर बोटांनी मोजून दाखवले, “बेअरिंग घाटात तुटलं असतं, तर पंखा सुटून ह्येच्यात घुसला असता.”

सौ.ने मामांकडे पाहिले आणि मग माझ्याकडे. पुढचा तासभर ती माझ्याशी बोलली नाही. मला ते रास्तच वाटले.

पंप हेळवाकला नव्हता, पाटणलाही नव्हता. मेस्त्रींनी कऱ्हाडला फोन केला. दुकानदार यष्टीच्या वाहकाकडे देतो म्हणाला, संध्याकाळपर्यंत येईल. दुपार मोकळी पडली. मेस्त्रींच्या पुतण्याने रिक्षाने आम्हांला कोयनानगरला नेहरू उद्यानात सोडले. तेथून धरण समोर दिसते. १०३ मीटर उंच, ८०७ मीटर लांब, डोंगराला डोंगर जोडून टाकणारी राखी भिंत. मामांनी ते पहिल्यांदाच पाहिले. त्यांना काय वाटले ते मी विचारले नाही.

बागेबाहेर चहा घेताना बाकावर शेजारी एक गृहस्थ बसले होते. धरणावर पस्तीस वर्षे नोकरी करून निवृत्त झालेले. बोलता बोलता मोटारीची गोष्ट निघाली. पंपाच्या भोकाचे ऐकून ते हसले.

“आमच्या धरणालाही तसली भोकं आहेत.”

“म्हणजे धरण गळतं?” मामांनी एकदम विचारले.

“गळतं की. न गळणारं धरण कुठं असतं? भिंतीच्या पोटात लांबच लांब बोगदा असतो, गॅलरी म्हणतात. तिच्यात वरून-खालून भोकं आणून सोडलेली असतात. मुरलेलं पाणी त्यांतून गॅलरीत येतं, चरातून वाहतं, आणि ते मोजतात. वाढलं तर काळजी. एकदम कमी झालं तरी काळजीच.”

“कमी झालं तर बरं ना?”

“भोक चोंदलं असेल तर? मग पाणी बाहेर यायचं ते पायाखाली दाब धरून बसतं. वरची भिंत उचलू बघतं.”

मग १९६७ चा विषय निघाला. ११ डिसेंबरच्या पहाटे भूकंप झाला, कोयनानगर जमीनदोस्त झाले, माणसे गेली. धरण उभे राहिले, पण त्याच्या वरच्या भागाला तडे गेले. पुढे ते भरून काढून भिंतीला मागून भक्कम टेकू दिले गेले. हे गृहस्थ तेव्हा लहान होते. घराच्या दगडांखालून त्यांना काढले होते. मामा म्हणाले, चिपळूणलाही भांडी पडली, आम्ही अंगणात पळालो; माझा बाप म्हणाला, गाव गेलं तिथलं देव जागे झाले.

थोड्या वेळाने मामा भिंतीकडे पाहत म्हणाले, “थेंब न् थेंब मोजतात म्हणायचं.” ते कोणत्या अर्थाने, हे मला नक्की सांगता येणार नाही. आमच्या गावाची मोजणी झाली तेव्हा सरकारी माणूस एक दिवस आला होता, असे ते मागे एकदा म्हणाले होते.

साडेसहाच्या गाडीने पंप आला. बॅटरीच्या उजेडात मेस्त्रींनी जुना उतरवला. बेअरिंगमधून गंजाचे लाल पाणी गळाले. माझी लांबीची गोळी अजून भोकात घट्ट होती, काम सुबक झाले होते यात शंका नाही. कागदी पॅकिंग, नवा पंप, पट्टा बोटाने अर्धा इंच दबेल इतका ताणलेला, मग कूलंट आणि शुद्ध पाणी निम्मे निम्मे. झाकण उघडे ठेवून इंजिन चालू केले. आत अडकलेली हवा गुडगुड करून निघाली. थर्मोस्टॅट उघडून वरचा पाइप तापला तेव्हा पाणी जरा खाली बसले, ते पुन्हा भरले. सगळे झाल्यावर मेस्त्रींनी नव्या पंपाखाली माझे बोट नेऊन भोकावर टेकवले.

“हे बगून ठेवा. हितं थेंब आला की गाडी आनायची.”

मजुरी त्यांनी चारशे रुपये सांगितली. मी हजार पुढे केले तर सहाशे परत केले, आणि सौ.ला म्हणाले, “वैनी, पावडरीची डबी संपिवली, त्येवडं माफ करा.” सौ. हसली, आणि त्या हसण्यात मीही थोडा माफ झालो.

रात्र कोयनानगरला काढली. सकाळी पाटण, मल्हारपेठ, उंब्रज करत महामार्गाला लागलो. पहिले पन्नास किलोमीटर मी दर दहा किलोमीटरला उतरून बाटली पाहिली. साताऱ्यानंतर यवतेश्वरचा चढ आला, काटा मध्यावर. कासचे पठार मे महिन्यात नुसते वाळलेले गवत आणि तापलेला कातळ. तेथून बामणोलीचा उतार.

तळे खरेच खाली गेले होते. पाण्याच्या कडेला तांबड्या मातीचे पट्टे, एकाखाली एक, दर आठवड्याच्या पातळीची खूण ठेवल्यासारखे. मचवा मिळाला. मामा एकटेच जातो म्हणाले. नारळाची पिशवी घेऊन ते नावाड्याच्या खांद्याला धरून चढले. दीड तासाने परत आले. धोतराला गुडघ्यापर्यंत चिखल, पिशवीत नारळाऐवजी विटेएवढा एक काळा दगड, एका बाजूने गुळगुळीत.

“पायरीचा,” ते म्हणाले. “सुटाच पडला होता.”

दगड आम्ही मागच्या बाजूला, पाण्याच्या डब्यांशेजारी ठेवला. डबे तसेच भरलेले होते. मी गाडी सुरू करायला किल्ली लावली, तर मामा बसायच्या ऐवजी पुढे जाऊन उभे राहिले आणि बॉनेटवर थाप मारू लागले.

“उघड,” ते म्हणाले.

मी उघडले. ते वाकले, बाटली पाहिली, मग पंपाच्या पोटाखाली बोट घातले आणि ते बोट उन्हात धरून पाहिले.

“कोरडं आहे,” ते म्हणाले. “चल.”